कोपऱ्यातल्या खाटेपासून

३ फेब्रुवारी, सोमवार

तारीख मिळाली. सात एप्रिल. डाव्या खुब्याचा सांधा बदलायचा. डॉक्टरांनी फोटो उजेडाला धरला आणि म्हणाले, "झिजलाय कसला, संपलाय." मग मी पिशवी उचलून निघाले तेव्हा मागून – "ऑपरेशननंतर वजन उचलायचं नाही हं. तीन महिने अजिबात नाही. आणि खरं सांगू का, पुढेही नाही."

मी विचारलं, किती वजन? म्हणाले, भरलेली बादलीसुद्धा नको.

सासूबाई भरतात अठ्ठेचाळीस किलो. म्हणजे तीन बादल्या, आणि तोंड वेगळं. रोज सकाळी पलंगावरून खुर्चीत, खुर्चीतून न्हाणीघरात, तिथून परत. हे सगळं माझ्या त्या संपलेल्या खुब्यावर.

घरी आले आणि सांगून टाकलं. आडवळणानं सांगितलं की त्यांना राग येतो. एकोणनव्वद वर्षांच्या आहेत, त्यातली एकतीस मोठ्या रुग्णालयात मेट्रन म्हणून काढलीत. ऐकून घेतलं. छातीवर उलटं टांगलेलं घड्याळ उचलून बघितलं. त्यातलं आता काही दिसत नाही, पण सवय. म्हणाल्या, "मग मला ठेवावं लागेल कुठेतरी. रडू नकोस." मी रडत नव्हते. "जागा मी तपासणार. तू फक्त लिहायचं."

म्हणजे मला बोलायचं नाही, एवढं कळलं.

५ फेब्रुवारी, बुधवार

वन्संचा फोन. दोन वर्षांत पाऊल टाकलेलं नाही घरात, पण उंटावरून शेळ्या हाकण्यात हात कोण धरणार! "वहिनी, आईला वृद्धाश्रमात टाकणार? लोक काय म्हणतील?" मी म्हटलं, लोक माझा खुबा बदलून देणार असतील तर विचारते.

तेवढ्यात सासूबाईंनी हात पुढे केला. दिला फोन. "बरोबर आहे तुझं," त्या लेकीला म्हणाल्या. "तू ने मला. कधी येतेस?" मग वन्संना गॅसवर काहीतरी उतू गेल्याचं आठवलं.

८ फेब्रुवारी, शनिवार

तपासणीचा तक्ता तयार. त्या सांगत होत्या, मी लिहीत होते. वीस बाबी, प्रत्येकी पाच गुण, एकूण शंभर. एकतीस वर्षांत त्यांनी कुठल्याही वॉर्डाला दिलेले सर्वांत जास्त गुण – अठ्ठ्याहत्तर. त्या वॉर्डाच्या परिचारिकांनी म्हणे आनंदानं रजा काढली होती.

तपासायची पद्धतही ठरलेली. "दारापासून सुरुवात करायची नाही. दाराजवळ सगळेच झाडून ठेवतात. कोपऱ्यातल्या खाटेपासून करायची. ज्याला भेटायला कोणी येत नाही असा रोगी तिथे असतो. त्याची नखं बघायची. मग वॉर्ड कसा आहे ते विचारावं लागत नाही."

अडतीस वर्षं मी यांच्या वॉर्डात आहे. माझी नखं कोणी बघितली नाहीत. (मीही कापायची विसरले होते. लिहून झाल्यावर कापली.)

१२ फेब्रुवारी, बुधवार

पहिली जागा. चकचकीत. दारं आपोआप उघडतात, फरशीत आपला चेहरा दिसतो, आणि माझा चेहरा सध्या फारसा बघण्यासारखा नसल्यामुळे मी वरच बघत चालले. स्वागताला बसलेल्या बाई आम्हाला बाग दाखवायला निघाल्या. सासूबाईंनी खुर्चीच्या चाकावर हात ठेवला. "शेवटची खोली कुठली?"

बाईंचं हसू तिथेच राहिलं.

शेवटच्या खोलीत एक आजोबा भिंतीकडे तोंड करून बसले होते. सासूबाईंनी त्यांचा हात हातात घेतला, बोटं चाचपली. "वाढलीत." तिथली मदतनीस म्हणाली, आजच कापायची होती. सासूबाई म्हणाल्या, "मी उद्या आले असते तर उद्या कापायची असती."

मग तिला विचारलं, "इथे बायकांकडे दिवसातून किती वेळा जाता?"

"बेल वाजवली की लगेच, आजी. दोन मिनिटांत."

"आणि नाही वाजवली तर?"

"नाही वाजवली म्हणजे काही नको असेल ना."

"लिही," मला म्हणाल्या. "शून्य."

मला हसू आवरेना. बेल न वाजवणाऱ्यांची चिंता कोणाला, तर आमच्या मेट्रनला! घरी उशाशी पितळी घंटा आहे. पाणी पाहिजे – घंटा. पाणी नको होतं – घंटा. मी स्वयंपाकघरात काय करतेय हे कळत नाही म्हणून घंटा. यांना दोन मिनिटांत कोणी आलं नाही तर तिथली छपरं उडतील.

शेवटी पलंगाजवळचा दिवा लावून बघायला सांगितला. उजेड उशीपर्यंत पोचत नव्हता. "वाचायचं असेल तर?" पुन्हा दोन गुण कापले. ज्यांना घड्याळाचा काटा दिसत नाही त्यांना वाचायचा दिवा हवा. अडतीस वर्षांत त्यांच्या हातात कादंबरी बघितली नाही मी. मी ग्रंथालयात नोकरी करायचे, घरी पुस्तक आणलं की म्हणायच्या, "दिवसभर धूळ खाऊन पोट भरलं नाही वाटतं."

एकूण एक्केचाळीस. नापास. गाडीत मी म्हटलं, बाग मात्र छान होती. "बागेत मला पेरणार आहेस का?" – हे उत्तर.

१३ फेब्रुवारी

आज घंटा एकवीस वेळा. मोजली. मुद्दाम.

१९ फेब्रुवारी, बुधवार

दुसरी जागा. एका बंगल्यात बारा खाटा. चालवणारी बाई गोडमिट्ट. सगळ्यांना "माझी गोडुली" म्हणते आणि गाल ओढते. सासूबाईंचाही ओढायला गेली. त्यांनी तिचं मनगट धरलं, नाडीवर बोट ठेवलं आणि म्हणाल्या, "ठोके जास्त आहेत तुझे. कमी बोल."

पण नखं ठीक होती. चादरी ताणलेल्या. सूप गरम, आणि जिला हातानं जेवता येत नव्हतं तिला भरवणारी मुलगी घाई करत नव्हती. मी लिहीत गेले – चार, पाच, चार, चार. सतरा बाबी झाल्या आणि बेरीज सत्तरीला टेकली. माझ्या मनात पेढे वाटून झाले.

मग सासूबाईंनी विचारलं, "भरती करून घ्यायला काय लागतं?"

"डॉक्टरांचा कागद आणि जबाबदार नातेवाइकाची सही. मुलगा, मुलगी, निदान पुतण्या."

"आणि कोणीच नसेल तर?"

बाईंनी आवाज खाली आणला. "अशांना नाही घेत आम्ही. मागे एकदा फार अडचण झाली होती."

"म्हणजे कोपऱ्यातली खाटच काढून टाकलीत," सासूबाई म्हणाल्या. आणि मला, "खोड."

मी विचारलं, कुठलं?

"सगळं."

२० फेब्रुवारी, गुरुवार

आज भांडले. खूप दिवसांनी मनापासून.

म्हटलं, तुमच्या सहीला मी आहे. वन्सं आहेत, लांब का होईना. तुम्हाला काय कमी? ज्यांचं कोणी नाही त्यांचं वकीलपत्र तुम्ही कशाला घेताय? ऑपरेशनला सहा आठवडे राहिलेत, मला रात्री कुशीवर वळता येत नाही आणि तुम्ही जगाची तपासणी करत बसलाय!

"तपासणी ती तपासणी."

"तुम्हाला जायचंच नाही. सरळ सांगा."

त्या गप्प बसल्या. हे त्यांचं नेहमीचं नाही. नेहमी माझं वाक्य संपायच्या आत त्यांचं तयार असतं. मी जोरात भांडी घासली. चुकीचं काही बोलले नव्हते, पण झोंबलं मलाच. लोक म्हणतात चार दिवस सासूचे, चार दिवस सुनेचे. माझ्या चार दिवसांची गाडी कुठे अडकलीय कोण जाणे. आता आलीच तर मला चढता यायचं नाही.

२४ फेब्रुवारी, सोमवार

आज आम्ही दोघी पडलो.

सकाळी सात वाजता. त्यांना पलंगावरून उठवून खुर्चीकडे वळवलं आणि खुबा सुटला. दुसरा शब्द नाही. पोतं घसरावं तशा आम्ही पलंगाच्या कडेनं खाली बसलो, त्या माझ्या उजव्या मांडीवर. कोणाला लागलं नाही. पण उठता येईना. फोन स्वयंपाकघरात. घंटा टेबलावर, हाताच्या वर वीतभर.

मी घाबरले. खरंच घाबरले. असं काही कधीतरी होणार हे मला रोज वाटत होतं आणि रोज मी ते पुढे ढकलत होते.

त्या मात्र कामाला लागल्या. "कुठे दुखतं? पायाची बोटं हलव. हलतात? मोडलं नाही. श्वास घे, हळू." माझ्या मांडीवर बसून माझीच नाडी मोजत होत्या. घड्याळ दिसत नाही म्हणून तोंडानं सेकंद मोजले. मग म्हणाल्या, "तक्ता आहे का जवळ?"

"आत्ता?"

"नसेल तर लक्षात ठेव. राहतं घर. तातडीची मदत – शून्य."

मला जे हसू फुटलं! हसताना खुबा दुखायचा, दुखलं की आणखी हसू यायचं. त्याही हसायला लागल्या, आवाज न करता, खांदे हलवत. अशी चाळीस मिनिटं गेली. मग खालच्या मजल्यावरचा शिंपी वर आला. दार ढकललं, आम्हाला बघून तिथेच थबकला. दोघींना एकेक करून उचललं बिचाऱ्यानं. मी विचारलं, कसं कळलं तुम्हाला?

"हसण्याचा आवाज आला," म्हणाला. "तुमच्याकडून कधी येत नाही. म्हटलं, काहीतरी गडबड आहे."

२५ फेब्रुवारी

सासूबाई सकाळपासून म्हणतायत, तिसरी जागा बघायला लवकर जाऊ या. काल पडले नसते तर हे शब्द ऐकायला मिळाले नसते.

१ मार्च, शनिवार

तिसरी जागा बस डेपोच्या शेजारी. बाहेरून बघून मी मनात गुण देऊन टाकले – दहा, तेही दयेनं. भिंतीचे पोपडे, लिफ्टमध्ये खुर्ची गेली की माणसानं पोट आत घ्यायचं, आणि सगळीकडे फिनेल अधिक परतलेला कांदा असा वास. दर पाच मिनिटांनी बस रिव्हर्स घेते, कंडक्टर शिट्टी मारतो.

सासूबाई म्हणाल्या, शेवटची खोली. तिथली एक चष्मेवाली परिचारिका म्हणाली, "चला," आणि पुढे निघालीसुद्धा. हसली नाही की बाग म्हणाली नाही. बाग नाहीच.

शेवटच्या खोलीतल्या आजी बोलत नाहीत. नखं कापलेली. केस विंचरलेले. पाठीवर एकही जखम नाही – सासूबाईंनी हात घालून बघितलं, त्या आजींची परवानगी विचारून. मग तोच प्रश्न. "न बोलावणाऱ्यांकडे किती वेळा जाता?"

चष्मेवालीनं चष्मा वर केला. "बेल वाजवणाऱ्यांचं काही नसतं हो. ते आमच्याकडून करूनच घेतात. न वाजवणाऱ्यांचीच पंचाईत. म्हणून तर पाटी आहे."

पाटी स्वयंपाकघराच्या दाराशी टांगलेली. सकाळपासून ज्यांनी तोंडातून शब्द काढला नाही त्यांचे खाटक्रमांक खडूनं लिहायचे. जो बोलेल त्याचा पुसायचा. दुपारच्या जेवणाआधी पाटी कोरी झाली पाहिजे. ज्याला जमेल त्यानं जाऊन बसायचं – परिचारिका, झाडूवाली, खुद्द व्यवस्थापक. काहीही बोललं तरी चालतं. शिवीसुद्धा धरतात. काल चार नंबर म्हणे, "ती पाटी जाळा एकदाची," म्हणून ओरडल्या आणि त्यांचा आकडा लगेच पुसला गेला. ज्यांना बोलताच येत नाही त्यांच्याजवळ बसायचं, हात धरायचा, मग पुसायचा.

सासूबाई त्या पाटीसमोर बराच वेळ होत्या. अक्षरं दिसत नव्हती, तरी.

व्यवस्थापक साधा माणूस, शर्टाच्या बाह्या दुमडलेल्या. सासूबाईंनी त्यांना विचारलं, कोणीच नसेल तर सही कोण करतं? म्हणाले, "मी करतो. मी रजेवर असलो तर स्वयंपाकीण. एका कार्यालयानं विचारलं होतं, ही कोण लागते? ती म्हणाली, जेवायला घालते ती."

"पंधरा दिवस राहून बघते," सासूबाई म्हणाल्या.

मी वही उघडून बसले होते. किती देऊ विचारलं. "घाई काय आहे?"

१० मार्च, सोमवार

सोडून आले. दहा तारखेपासून चोवीसपर्यंत. निघताना मी वाकले तर म्हणाल्या, "खुब्याला जप. आणि घरी जाऊन फडकं घेऊन बसू नकोस."

घरी येऊन फडकं घेऊन बसले.

११ मार्च, मंगळवार

पाचला जाग. दोन कप चहा टाकला. एक ओतून दिला. मग साखरेचा डबा, पाव आणि पुस्तक घेऊन पलंगावर गेले आणि साडेनऊपर्यंत उठले नाही! पलंगभर पावाचा चुरा. कोणी हाक मारली नाही.

मजा आली. मग लाज वाटली. मग पुन्हा मजा आली.

१४ मार्च, शुक्रवार

व्यवस्थापकांचा फोन. "तुमच्या सासूबाई –" म्हटल्यावर मी ओरडलेच, काय झालं? "नाही नाही, बऱ्या आहेत. आम्हीच जरा..." तीन दिवसांत त्यांनी छप्पन्न वेळा बेल वाजवली. पोचायला लागलेला वेळ तोंडी मोजतात आणि आलेल्याला सांगतात. सरासरी तीन मिनिटं वीस सेकंद होती, आता दोनवर आलीय. चादरीचे कोपरे कसे दुमडायचे हे सगळ्यांना शिकवून झालं. झाडूवालीलाही.

मी माफी मागायला लागले. म्हणाले, "अहो, माफी कसली. पुढच्या महिन्यात सरकारी तपासणी आहे. त्यांना थोडे दिवस जास्त ठेवता येईल का?"

सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात. आमचा सुंभसुद्धा अजून जळलेला नाही.

१६ मार्च, रविवार

भेटायला गेले. मला वाटलं होतं, माझ्याशिवाय हाल झाले असतील. गालावर मांस आलंय! थोडं वाईट वाटलं. खोटं कशाला बोलू इथे.

बसायच्या आत म्हणाल्या, "चहा पी. कसा आहे?"

"पातळ."

"किती पातळ?"

"कपाचा तळ दिसतोय."

"हं." चष्मेवालीला बोलावून तेच सांगितलं, माझं नाव घेऊन. स्वतः आयुष्यभर पाण्याला नुसती पत्ती दाखवलेला चहा पितात, आणि इथे कडक चहासाठी भांडतायत. भांडायला निमित्त लागत नाही हेच खरं.

मग म्हणाल्या, "आडवी हो."

"कुठे?"

"माझ्या डोक्यावर? पलंगावर. गादी कशी आहे सांग."

"आई, झोपणार तुम्ही."

"माझ्या पाठीला आता दगड नि कापूस सारखाच. तू सांग."

झाले आडवी. चांगली आहे गादी. इतकी की डोळा लागला. जागी झाले तेव्हा अर्धा तास गेला होता, अंगावर चादर होती, कोपरे नीट दुमडलेले. त्या शेजारी खुर्चीत. "बसचा आवाज आला का झोपेत?" नाही, म्हटलं. "मग ठीक."

नंतर न्हाणीघरातली दांडी धरून मला उठबस करायला लावली. "तुझ्या खुब्यानं जमलं तर कोणालाही जमेल." तीन वेळा. चष्मेवाली दारात उभी राहून बघत होती. मी तिला म्हटलं, बघताय काय, पुढच्या वेळी माझं वजनही करतील. ती हसली नाही, नुसती माझ्याकडे बघत राहिली. कामाची माणसं अशीच असतात जरा घुमी.

२० मार्च

आज कोणाशी बोलले नाही दिवसभर. पाटी असती तर माझा नंबर लागला असता. संध्याकाळी उगीच शिंप्याला हाक मारली, म्हटलं, पाऊस येईल का हो? तो म्हणाला, मार्चात?

२४ मार्च, सोमवार

निकाल. चौऱ्याऐंशी!

दोनदा बेरीज केली. मला वाटलं, मी चुकले. अठ्ठ्याहत्तरच्या वर आयुष्यात गेल्या नाहीत या. कापलेले गुण – भिंतीचे पोपडे, लिफ्ट, पुस्तकांना कपाट नाही, चहा ("सुधारतोय, पण अजून विश्वास नाही").

"म्हणजे राहणार तुम्ही?"

"ऐकू येत नाही का? पास."

मी त्यांच्यासमोरच रडले. सुटल्याचं रडू होतं आणि आणखीही कसलंतरी. त्यांनी रुमाल दिला नाही. म्हणाल्या, "नाक पूस, मग बोल." अडतीस वर्षं एका घरात काढली. यांच्या लेकाला जाऊन नऊ वर्षं झाली, त्यानंतर तर दोघीच. या बाईला मी कितीदा मनात शिव्या दिल्यात त्याचा हिशेब नाही, आणि आता हिच्याशिवाय घरात कोणावर चिडायचं तेच मला कळत नाहीये.

३० मार्च, रविवार

सामान बांधलं. दोन-तीन दिवसांसाठी घरी आणलंय त्यांना. चार साड्या, शाल, घड्याळ. घंटा पिशवीत ठेवली तर बाहेर काढली त्यांनी. "तिथे बेल आहे. ही राहू दे. तुझं ऑपरेशन झाल्यावर लागेल."

"माझी घंटा ऐकणार कोण, आई?"

"शिंपी."

शिंप्याला बोलावून ताकीद दिली आहे म्हणे. मला न विचारता. सात तारखेला रुग्णालयात तोच सोडणार, तोच आणणार, त्याची बायको महिनाभर डबा देणार. कधी ठरलं हे सगळं? मी झोपलेली असताना राज्य चालवतात या.

जेवताना मधेच म्हणाल्या, "पट्टी घट्ट बांधू देऊ नकोस. आणि दुखलं तर दुखतं म्हण. तोंड दाबून पडलीस तर त्यांना काय कळणार?"

मी म्हटलं, मी म्हणते की. त्या म्हणाल्या, "तू? कधी?"

२ एप्रिल, बुधवार

त्यांना पोचवून कचेरीत सहीला गेले. व्यवस्थापकांनी दोन अर्ज पुढे ठेवले. म्हटलं, दोन प्रती लागतात का? म्हणाले, "नाही. दुसरा वेगळा आहे. बाईंनी पंधरा दिवसांत थोडा थोडा भरला. लिहिण्यात मदत करायची नाही, अशी तंबी होती."

वेडंवाकडं, ओळ सोडून गेलेलं अक्षर. नाव – माझं. वय – चौसष्ट. नाते – सून. मूलबाळ – नाही. केव्हा येणार – अजून वीस वर्षं तरी नाही, पण जागा हिची. जबाबदार नातेवाईक – आज मी. मी गेल्यावर तुम्ही, कबूल केल्याप्रमाणे.

सही इथे करा, असं व्यवस्थापकांनी मला दोनदा सांगितलं. मी खालची शेवटची ओळ वाचत होते.

विशेष सूचना – ही बेल वाजवणार नाही. आपणहून जावे.